धुराचा रंग आणि धुराची वेळ



मागील खेपेस विहिरीवरील पंपाविषयी चार शब्द लिहिले होते. ते वाचून दोघातिघांनी आवर्जून विचारले, "फादर, पंपाचं लिहिलंत, ट्रकचं कधी लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्या भागातील कित्येक घरांची चूल एखाद्या जुन्या ट्रकच्या चाकांवर चालते. विटा, चिरे, ऊस, काजूबिया, बाजाराची भाजी, जे भाडे मिळेल ते वाहायचे आणि महिनाअखेर बँकेचा हप्ता भरायचा, असा तो संसार. अशा ट्रकच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला म्हणजे त्या घरातील बोलणे मंदावते. कारण गॅरेजमध्ये त्या धुराचा अर्थ बहुधा एकाच वाक्यात सांगितला जातो: "इंजिन बांधायला आलं." इंजिन बांधायचे म्हणजे लाखावर खर्च, वर तीनचार आठवडे गाडी उभी; आणि गाडी उभी राहिली म्हणून हप्ता काही उभा राहत नाही.

गेल्या पावसाळ्यापूर्वी खानापूर भागातील अशाच एका घरची माय आणि तिचा थोरला मुलगा रविवारच्या मिस्सेनंतर थांबून राहिली. तीसएक वर्षे वयाचा टाटा १२१० ट्रक हा त्यांचा एकमेव आधार. माय म्हणाली, "फादर, मिस्त्री म्हणतो इंजिन गेलं. मी म्हणते पाटल्या गहाण टाकू. हा म्हणतो, अजून थोडं ओढू. तुम्हीच काय ते सांगा." मी मुलाला एकच विचारले, की धूर येतो केव्हा? तो म्हणाला, "नेहमीच येतो की." या "नेहमीच" शब्दाने आजवर किती इंजिने विनाकारण खोलली गेली असतील, याची गणती नाही. मी त्याला एक कोरी वही दिली आणि तीन आठवडे तीत काय लिहायचे ते सांगितले. त्या वहीतून काय निघाले ते पुढे येईलच. आधी धुराची भाषा थोडी समजून घेऊ.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. मी मिस्त्री नव्हे, आणि मिस्त्रीच्या पोटावर पाय देण्याचाही माझा हेतू नाही. चांगला मिस्त्री हा वैद्यासारखा असतो. परंतु रोग्याने आपल्या दुखण्याची हकीकत नीट सांगितली नाही, तर वैद्य तरी काय करणार?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबतो. ती सोळा-सतरा पटींनी दाबली गेली म्हणजे इतकी तापते, की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डीझेल या अभियंत्याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. आपल्याकडे १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बांधावयास आरंभ केला; म्हणून आपले वृद्ध ड्रायव्हर अजूनही जुन्या टाटाला "मर्सिडीझ" म्हणतात. तो करार १९६९ साली संपला, परंतु इंजिनाचे घराणे टिकले. १२१० मधील इंजिनाला ६९७ म्हणतात, याचा अर्थ सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. लहान ४०७ गाडीतील ४९७ म्हणजे चार सिलिंडर, व्यास तोच.

आता या सिलिंडरच्या लायनरवर ऑईलचा अतिशय पातळ थर असावाच लागतो. तो नसेल तर पिस्टन दोन मिनिटांत धरून बसेल. खालून उडालेले ऑईल पिस्टनवरील ऑईल-रिंग खरडून पुन्हा चेंबरमध्ये पाठविते, तरी थोडेसे मागे राहते आणि जळते. म्हणजे थोडे ऑईल खात नाही असे डिझेल इंजिनच नाही. प्रश्न फक्त किती, हा असतो. मोठ्या डिझेल इंजिनाने दर १०० लिटर डिझेलमागे पाव ते अर्धा लिटर ऑईल खाल्ले, तर ते वयोमानानुसार चालण्यासारखे आहे. एक लिटरच्या वर गेले, तर मात्र कोठे जाते याचा शोध घ्यावा. किलोमीटरपेक्षा डिझेलशी तुलना करणे अधिक खरे, कारण घाटात भरलेल्या गाडीचे पन्नास किलोमीटर आणि माळावर रिकाम्या गाडीचे पन्नास किलोमीटर हे इंजिनाच्या दृष्टीने सारखे नसतात.

धुराचे रंग तीन. त्यांपैकी काळ्या धुराविषयी फार लिहावयास नको. तो ऑईलचा नव्हे, डिझेलचा धूर. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली, की अर्धवट जळलेली काजळी बाहेर पडते. एअर क्लीनर चोंदलेला असतो, नोझल फवारा सोडण्याऐवजी धार सोडते, किंवा गाडीवर झेपेल त्याहून अधिक माल लादलेला असतो. आणखी एक कारण मनुष्यस्वभावात आहे. "पिकअप वाढवून दे" म्हणून ड्रायव्हर पंपवाल्याच्या मागे लागतो, पंपवाला डिझेलचे प्रमाण वाढवून देतो, आणि दोन दिवस गाडी चढावर उड्या मारीत जाते. नंतर तेच जादा डिझेल लायनरवरील ऑईलचा थर धुऊन काढते आणि चेंबरमधील ऑईल पातळ करते. आजचा काळा धूर हा अशा रीतीने उद्याच्या निळ्या धुराचा बाप ठरतो.

पांढरा धूर दोन प्रकारचा. थंडीच्या दिवसांत पहाटे इंजिन सुरू करताना दोनचार मिनिटे पांढरा धूर आला, तर घाबरण्याचे कारण नाही. इंजिन गार असल्यामुळे काही डिझेल न जळता वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ते डोळ्यांना झोंबते आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल, तर एखादे नोझल गळत असावे, पंपाचे टायमिंग मागे पडले असावे, किंवा कॉम्प्रेशन उतरले असावे. दुसरा पांढरा धूर म्हणजे साधी पाण्याची वाफ. ती सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर विरून जाते, डिझेलचा धूर तसा विरत नाही, रेंगाळतो. रेडिएटरचे पाणी दिवसेंदिवस कमी होत असेल आणि पट्टीवरील ऑईल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर हेड गॅस्केट फुटले किंवा हेडला चीर गेली असे समजावे आणि गाडी तेथेच उभी करावी. पाणीमिश्रित ऑईलावर गाडी चालविणे म्हणजे बेअरिंगा जाळणे होय. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच काढावे. उकळत्या पाण्याने तोंड भाजलेला क्लीनर मी पाहिलेला आहे.

निळा धूर ऑईलचा. परंतु येथे डोळा फसतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ऑईलचे कण इतके सूक्ष्म असतात, की काळोख्या झाडीच्या पुढे तो धूर निळा दिसतो आणि तोच धूर मावळत्या सूर्याकडे पाहताना पिवळट-तपकिरी दिसतो. संध्याकाळी "काळपट आहे" म्हणणारा आणि सकाळी "निळा आहे" म्हणणारा, दोघेही खरे बोलत असतात. म्हणून रंगाची खात्री कागदाने करावी. काठीच्या टोकाला पांढरा पुठ्ठा बांधून, गाडी उभी असताना, सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर मिनिटभर धरावा. वाफ असेल तर पुठ्ठा ओला होतो आणि वाळल्यावर जवळजवळ स्वच्छ राहतो. कोरडी काजळी बोटाने झटकली जाते. ऑईल असेल तर तेलकट ठिपके उमटतात आणि ते वाळत नाहीत.

एवढे झाले तरी ऑईल कोणत्या वाटेने आत शिरले, हे रंगावरून कळत नाही. ते वेळेवरून कळते, आणि आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येतो आणि मग धूर साफ होतो, असे असेल तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. हेडवर साचलेले ऑईल झिजलेल्या गाईडमधून रात्रभर थेंबथेंब खाली उतरते आणि सकाळी एकदम जळते. याला हेड उतरवून गाईड व सील बदलणे पुरते. लायनर-पिस्टनला हात लावण्याचे कारण नसते. पेट्रोल गाडीत याची दुसरीही एक खूण सांगतात, ती अशी, की लांब उतार उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट येतो. डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर सहसा तशी झडप नसते, म्हणून ओढ कमी पडते आणि ही खूण तितकी ठळक दिसत नाही. पेट्रोल गाडीवर शिकलेल्या मिस्त्रीची येथे कधीकधी चूक होते.

धूर चढावर वाढतो, भरलेल्या गाडीत अधिक, रिकाम्या गाडीत कमी, आणि तो तासभर चालल्यावरही जात नाही, असे असेल तर रिंगा व लायनर यांच्याकडे पाहावे लागते. याची साक्ष ब्रीदर देतो. इंजिन गरम करून मंद चालू ठेवावे, ऑईल भरण्याचे झाकण काढून ते तसेच तोंडावर उलटे ठेवावे. थोडीशी फुंकर प्रत्येक इंजिनात असते. परंतु झाकण नाचून खाली पडत असेल आणि तोंडातून भकाभका धूर येत असेल, तर जळालेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरत आहे. यालाच आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. उलट, धूर भरपूर आणि ब्रीदर शांत, असे असेल तर इंजिन बांधण्याची घाई मुळीच करू नये.

टर्बो बसविलेल्या गाडीत, बराच वेळ मंद चालू ठेवून नंतर ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, तर टर्बोची झडती घ्यावी. इंजिन बंद करून इंजिनाकडे जाणारी हवेची नळी सोडवावी आणि आत बोट फिरवावे. किंचित ओलसरपणा असतोच. ऑईल साचलेले असेल तर टर्बोचे सील गेले, किंवा त्याच्याकडून चेंबरकडे परतणारी ऑईलची नळी चोंदली. अनेकदा नवा टर्बो घालूनही धूर राहतो, तो या चोंदलेल्या नळीमुळे.

आणि आता ऑईलचे बाहेरचे चोर. हा भाग लोक सर्वात कमी तपासतात. ऑईल कमी होते आणि थोडा धूरही दिसतो, तेव्हा सर्व ऑईल धुरातून गेले असे आपण धरून चालतो. वस्तुतः काही ऑईल चालत्या गाडीतून रस्त्यावर गळते आणि गाडी उभी असताना एक थेंबही पडत नाही. काही ऑईल हवेच्या ब्रेकांचा कॉम्प्रेसर गिळतो, कारण त्याच्या लहानशा पिस्टनलाही इंजिनाचेच ऑईल पुरविलेले असते. हवेच्या टाकीच्या तळाचा नळ संध्याकाळी उघडून पाहावा. पाणी निघते, ते ठीक. काळे तेलकट पाणी भळभळा निघाले तर एक चोर सापडला. चेंबरमध्ये खुणेच्या वर ऑईल भरणे हीही एक सवय असते. "कमी पडण्यापेक्षा जास्त बरे" म्हणून ओतलेले ते ऑईल क्रँक घुसळून वर फेकतो आणि रिंगांना ते खरडून काढणे झेपत नाही.

पट्टीवरील ऑईल कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर मात्र आनंद मानू नये. कोठून तरी डिझेल किंवा पाणी चेंबरमध्ये उतरत आहे असा त्याचा अर्थ. पट्टीला डिझेलचा वास येतो का ते पाहावे, आणि कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

आता त्या वहीकडे वळू. मुलाने ती प्रामाणिकपणे लिहिली होती. रोज सकाळी सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी पाहिलेली. डिझेल किती, ऑईल किती, भाडे कोठले, आणि धूर केव्हा, थोडा की फार. तीन आठवड्यांत ४२० लिटर डिझेल आणि २ लिटर ऑईल. हिशेब केला तर १०० लिटरमागे अर्ध्या लिटरच्या आतच. तीस वर्षांच्या इंजिनाला हे लाजिरवाणे नव्हे. पहाटेच्या रकान्यात धूर जवळजवळ नाही. ब्रीदर शांत. मग मिस्त्रीने पाहिलेला तो निळा लोट कोठला?

वही पुन्हा वाचताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिन्ही आठवड्यांत सोमवारी "फार", मंगळवारी "बराच", आणि शुक्रवार-शनिवारी "थोडा" किंवा "नाही". भाडे तेच, चोर्ला घाटाचा रस्ता तोच, माल तोच. इंजिनाला वार कळत नाही. तेव्हा रविवारी कोणी तरी काही तरी करीत होते. मी विचारले, रविवारी गाडीचे काय करतोस? तो उत्साहाने सांगू लागला, की रविवारी मी गाडी धुतो, ग्रीस मारतो, एअर क्लीनर साफ करतो.

या जुन्या गाड्यांच्या एअर क्लीनरच्या तळाशी ऑईलची वाटी असते. आत येणारी हवा त्या ऑईलवर आपटून वळते आणि धूळ ऑईलात अडकते. वाटीत ऑईल किती घालावे, याची खूण आतल्या बाजूस कोरलेली असते. मुलाची समजूत अशी, की ऑईल जितके अधिक तितकी धूळ अधिक अडेल. तो दर रविवारी खुणेच्या वर बोटभर ऑईल भरीत होता. सोमवारी घाट चढताना इंजिन जोराने हवा ओढी आणि हवेबरोबर ते वरचे ऑईल सिलिंडरमध्ये शिरून जळे. शनिवारपर्यंत पातळी आपोआप खुणेवर येई, धूर थांबे, आणि रविवारी हा कष्टाळू मुलगा पुन्हा वाटी भरी. त्याच्या मेहनतीचाच तो धूर होता.

वाटी खुणेइतकी भरली आणि पुढील सोमवारी घाटात धूर दिसला नाही. हवेच्या टाकीतून मात्र दररोज काळे ऑईल निघत होते. त्या कॉम्प्रेसरच्या रिंगा बदलाव्या लागल्या. तो खर्च इंजिन बांधण्याच्या मानाने किरकोळ. पाटल्या मायच्या हातातच राहिल्या. त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. गाडी त्याच्याकडे नेली ती मंगळवारी, आणि त्याने जे पाहिले ते खरेच पाहिले होते.

ही हकीकत वाचून प्रत्येकाने आपले इंजिन ठणठणीत आहे असे समजू नये. दुसऱ्या एका घरची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे धूर चढावर येई, ब्रीदर भकाभका करी, आणि ऑईल १०० लिटर डिझेलमागे दीड-दोन लिटर जाई. मालकाने दोन वर्षे दाट ऑईल आणि बाटलीतील औषधे यांवर काढली. दाट ऑईलाने धूर काही काळ दबतो हे खरे, परंतु गार इंजिनात ते वरपर्यंत पोहोचण्यास वेळ घेते आणि तेवढ्यात झीज होते. एके दिवशी चढावर ऑईल संपले, दाबाचा काटा पडला, ड्रायव्हरच्या ते ध्यानात आले नाही, आणि बेअरिंग फिरून क्रँक निकामी झाला. वेळीच रिंगा-लायनर बदलले असते तर निम्म्याहून कमी खर्चात भागले असते. खुणा स्पष्ट असताना आशेवर गाडी ओढणे हेही महागच पडते.

इंजिन खोलण्यापूर्वी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकट्या आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांतील फरक अधिक बोलका असतो. पाच सारखे आणि एकच उतरलेला असेल, तर दुखणे त्या एकाचे आहे. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये थोडे ऑईल ओतून पुन्हा मोजण्याची एक युक्ती आहे. डिझेलमध्ये ती करू नये. वरची जागा इतकी लहान असते, की ओतलेल्या ऑईलाने आकडा खोटाच वाढतो, आणि ऑईल जास्त झाले तर पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझले काढलीच आहेत तर ती यंत्रावर तपासून घ्यावीत, परंतु त्या फवाऱ्यापुढे बोट कदापि धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो; वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडू लागतो. असे घडलेच तर दुखो वा न दुखो, तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे.

जुन्या पंपाच्या इंजिनात, मंद चालू असताना, एकेका नोझलचा पाइप किंचित सैल करून कोणता सिलिंडर बंद पडल्यावर धूर थांबतो, हे मिस्त्री पाहतात. ही पद्धत चांगली आहे. परंतु आजच्या कॉमन-रेल गाड्यांत पाइपातील दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असतो. तेथे पान्याला हातही लावू नये.

रिंगा मुळात झिजतात त्या बहुतेक धुळीने. आपली तांबडी धूळ अतिशय बारीक आणि चिवट. एअर क्लीनर नवा असला, तरी त्याच्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर असेल, तर सारी धूळ गाळल्याविना आत जाते. ही नळी दर महिन्याला हाताने वाकवून पाहावी. दुसरे कारण गाडी उभी राहणे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा कित्येक ट्रक महिनोन् महिने अंगणांत उभे राहिले. उभ्या इंजिनात रिंगा खाचेत चिकटतात, लायनरला गंज धरतो. असे इंजिन पुन्हा सुरू केल्यावर आरंभी निळा धूर येतो. थोड्या भारावर काही दिवस चालवून, ऑईल बदलून, मगच निर्णय घ्यावा, कारण काही वेळा चिकटलेल्या रिंगा सुटतात.

इंजिन बांधून आणल्यावर "हजार किलोमीटर अगदी हळू चालवा" असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. फार भार नको हे बरोबर. परंतु तासन् तास मंद चालू ठेवले किंवा रिकामीच गाडी फिरविली, तर रिंगा लायनरवर बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि नव्या इंजिनातून जुना धूर येतो. मध्यम भारावर, वेग बदलत चालवावी.

एक धोका सर्वांना, विशेषतः क्लीनरचे काम करणाऱ्या पोरांना, माहीत असावा. टर्बोतून किंवा भरमसाट भरलेल्या वाटीतून पुष्कळ ऑईल आत गेले, तर डिझेल इंजिन त्या ऑईलावरच पळू लागते. आवाज चढत जातो, चावी बंद केली किंवा बंद करण्याची दोरी ओढली तरी ते थांबत नाही. अशा वेळी गाडीत बसलेल्याने ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडेल. बाहेरच्याने हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबावी; हात किंवा सैल फडके नव्हे, कारण ती ओढ जबर असते. दोन्ही जमण्यासारखे नसेल तर सर्वांनी दूर व्हावे. इंजिन गेले तर गेले.

घरच्या बायामाणसांसाठीही एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. पहाटे अंगणात, मुले निजलेल्या खोलीच्या खिडकीखाली, पंधरा मिनिटे गाडी "तापवीत" ठेवण्याची चाल सोडावी. दाबाचा काटा वर आला, हवेची टाकी भरली, की रस्त्याला लागावे. गाडी चालताना लवकर तापते.

शेवटी जुना ट्रक विकत घेणाऱ्यांसाठी. विकणारा आपण पोहोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवतो, म्हणजे पहाटेचा तो लोट दिसत नाही. म्हणून आल्याबरोबर बॉनेट उघडून इंजिनाला जपून हात लावून पाहावा. गरम असेल तर चहा घ्यावा, घरच्यांची विचारपूस करावी, सौद्याचे अक्षर काढू नये, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न कळविता पुन्हा यावे. येताना काठी आणि पांढरा पुठ्ठा विसरू नये.